प्रवेश : एकदाच

५ फेब्रुवारी

भिंगरी,

वर 'प्रिय' घातलेलं नाही, ते विसरून नव्हे. अकरा वर्षांनी एकदम तो शब्द लिहायला हात वळत नाही, आणि खोटं लिहायची मला सवय नाही.

तुझं पत्र परवा आलं. अक्षर पाहून ओळखलं. दोन दिवस पाकीट फ्रीजवर तसंच ठेवलं होतं, आज उघडलं. मजकूर समजला तो असा: हॉटेलच्या चादरींच्या खोलीतल्या जिन्यावरून पडलीस, आधीच झिजलेला खुबा पार गेला, १९ मार्चला ऑपरेशन आहे. पुढचे पंधरा दिवस घरात सोबतीला माणूस आहे असं लेखी दिल्याशिवाय इस्पितळ ती तारीख देणार नाही. ही तारीख हुकली तर पुढची आठ महिन्यांनी. तोवर हातात काठी, आणि काठी धरून चादरींचे गठ्ठे उचलता येत नाहीत म्हणून नोकरीवर पाणी. ज्या मैत्रिणीच्या भरवशावर तू तिकडे गेलीस ती आता तिथे राहत नाही. दादाचे गुडघे त्याला जिन्याच्या दोन पायऱ्या चढू देत नाहीत. म्हणजे राहिले मी.

येते. इस्पितळाला तसं लेखी देऊन टाक.

तीन गोष्टी आधीच स्पष्ट केलेल्या बऱ्या. मी सोबत करायला येतेय, गोडीगुलाबीला नव्हे. अठरा दिवसांच्या वर राहणार नाही. आणि आईचा विषय काढायचा नाही. त्या विषयात माझं म्हणणं अकरा वर्षांपूर्वी दारात उभी राहून, चौदा माणसांच्या समोर सांगून झालंय, त्यात बदल नाही. आई सहा दिवस अंथरुणावर होती. पहिल्याच दिवशी तुला फोन गेला होता. तू एकविसाव्या दिवशी उगवलीस. सहाही दिवस मी तिच्या उशाशी होते.

फोन करू नकोस. फोनवर माणूस भलतंच बोलून जातं. तुझा पूर्ण पत्ता, घराच्या कराराची प्रत आणि मी तुझ्याकडे उतरणार असल्याचं सहीचं पत्र जलद टपालाने धाड. सही पासपोर्टवर आहे तशीच कर. मागे तू नावाखाली फुलं काढायचीस, तसली नको.

ताई


१६ फेब्रुवारी

भिंगरी,

कागद मिळाले. सहीखाली फूल नाही, आभारी आहे.

निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी मी व्हिसाच्या खिडकीवरची बाईच आहे. आपल्या ट्रॅव्हल ऑफिसात एकतीस वर्षं त्या टेबलामागे काढली, माझ्या हातून गेलेला अर्ज कधी परत आला नाही, तेव्हा माझा अर्ज दुसऱ्या कुणी भरावा हे मला चालणार नव्हतं. काल बसून सगळे नियम वाचले. तुझा देश आहे मुठीएवढा, पण पाहुण्यांच्या बाबतीत मन मोठं आहे. आपल्या लोकांना नव्वद दिवस बिनव्हिसा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालू हवा, माझा सहा वर्षं आहे. दोन कोरी पानं हवीत, माझी तीस आहेत, मी जाते कुठे! परतीचं तिकीट, राहायचा पत्ता, आजारपणाचा विमा, खर्चाला पैसे असल्याचा बँकेचा कागद. एवढं झालं की या म्हणतात. शिक्कासुद्धा मागितला तरच मारतात.

अडचण एकच. युरोपात असूनही तुमच्याकडे ना विमानतळ, ना रेल्वे. चारी बाजूंनी तो मोठा शेजारी. त्याच्या विमानतळावर उतरायचं, त्याच्या रस्त्याने चार तास बस, मग डोंगरातला नाका. म्हणजे शेजाऱ्याचा व्हिसा हवाच. तोही अर्ज भरून ठेवला. आपला नियम तुला पाठ आहे: लागेल तेवढंच मागायचं. जास्त दिवस मागितले, जास्त फेऱ्या मागितल्या, की अधिकाऱ्याच्या भुवया वर जातात. एकतीस वर्षं मी हेच सगळ्यांना शिकवलं. उद्या ऑफिसात नेऊन देते.

१७ फेब्रुवारी, दुपार

वरचं काल लिहिलं होतं. फाडून टाकणार होते, मग म्हटलं राहू दे. वाच.

माझ्या जागी आता बडबड्या बसतो. तुला आठवेल, शेजारच्या टेबलावरचा, दिवसभर तोंड चालू असलेला. टक्कल पडलं, बाकी आहे तसाच. मला बघून उठून उभा राहिला.

"बाई! तुम्ही आणि रांगेत? आत या की."

"रांग आहे तर रांगेत. नियम मीच घातला होता."

"म्हणून तर लोक अजून तुम्हाला शिव्या देतात," असं म्हणून त्याने अर्ज घेतला. एकेक कागद बघून मान डोलवत होता. दुसऱ्या पानावर थांबला. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बाई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"ते विचारल्यावर ठरवीन."

"हे 'प्रवेश किती वेळा' मध्ये 'एकदा' वर खूण केलीत..."

"एकदाच शिरणार आहे मी त्या मोठ्या देशात. उतरायचं, बसमध्ये बसायचं, पलीकडे जायचं."

"आणि परत येताना?"

"त्याच रस्त्याने."

"मग तेव्हा पुन्हा शिराल ना, बाई."

मी म्हटलं, पुन्हा कशी शिरेन, मी त्याच्या पोटातच तर आहे. त्याने अर्जाच्या मागे पेन्सिलीने मोठा गोल काढला आणि आत एक टिंब दिलं. "टिंब आत आहे, पण त्यांच्यातलं नाही. टिंबात पाय ठेवला की तुम्ही गोलाच्या बाहेर गेलात. 'एकदा'वाला व्हिसा तिथेच संपला. परतताना नाक्यावर पासपोर्ट बघतात आणि सांगतात, मागे फिरा."

"मागे म्हणजे कुठे?"

"टिंबात. तिथे राहायला कुणाची ना नाही हो, नव्वद दिवस खुशाल राहा. फक्त निघता येत नाही."

मागच्या रांगेतलं कुणीतरी हसलं. मी विचारलं, हा नियम कधीपासूनचा.

"पहिल्यापासूनचा. आपल्या वहीत नाही, कारण आपल्याकडून तिकडे जातंय कोण? मी पाहिलेल्यात तर एकच..."

आणि तो गप्प झाला. बडबड्या. अठरा वर्षं मी त्याला रोज 'जरा गप्प बस' म्हणत आले, तो कधी बसला नाही. आज एका वाक्याच्या मध्यात बसला आणि माझ्याकडे न बघता टाचण्यांची डबी सरळ करत राहिला.

मी अर्ज उचलला आणि निघाले. मागून तो 'बाई, बाई' करत होता. रस्त्यावर आल्यावर कळलं की हातात त्याचा पेनही आलाय.

भिंगरी, तुझा अर्ज मी भरला होता.


१८ फेब्रुवारी

भिंगरी,

काल पुढे लिहवलं नाही.

घरच्यांच्या मी भरलेल्या प्रत्येक अर्जाची एक झेरॉक्स ठेवत असे, तुला माहीत आहे. कपाटाच्या वरच्या खणात तुझी फाइल होती. अकरा वर्षांत मी ती उघडली नाही. काल उघडली.

अक्षर माझं. दुसरं पान. एकदा, दोनदा, अनेकदा, अशा तीन चौकटी. 'एकदा' मध्ये माझी खूण, ठसठशीत. आणि 'दोनदा' च्या शेजारी पेन्सिलीचं एक प्रश्नचिन्ह होतं, ते खोडरबराने पुसलेलं. पुसलं तरी झेरॉक्समध्ये राखाडी डाग उमटलाय. खिडकीच्या उजेडात धरलं तर वाचता येतो.

ते प्रश्नचिन्ह तुझं होतं.

मग सगळं आठवलं. तू स्वयंपाकघरात उभी होतीस, अर्ज हातात. म्हणालीस, "ताई, दोनदा नको का गं? जाताना एकदा, येताना एकदा?" आणि मी म्हणाले, "तुला कळतं की मला कळतं?" तू हसून म्हणालीस, "बरं बाई, तुला." आणि मी रबर घेतलं.

काल माझ्या हातातून ते पान खाली पडलं, ते उचलायला मला वाकवेना. खुर्चीत बसून मी बराच वेळ त्याच्याकडे बघत होते. पासष्टीला आलेली बाई, आणि जमिनीवरच्या एका कागदाला घाबरले.

दिवस मांडून पाहिले. पहिला दिवस, दादाने फोन केला; तुला मैत्रिणीकडे जाऊन तेव्हा महिनाच झाला होता. तुझी विमानाची जागा दुसऱ्या दिवशीची होती, हे तू फोनवर सांगितलं होतंस. आणि मग सहाव्या दिवसापर्यंत तुझा पत्ता नाही. मी म्हणत राहिले, विमानात जागा होती तर बसली का नाही? शेजाऱ्याच्या नव्या व्हिसाला तेव्हा अडीच आठवडे लागायचे. तुझ्या त्या गावात त्यांचं कार्यालय आठवड्यातून दोनच दिवस उघडायचं. हे आज वाचलं. अडीच आठवडे, वर प्रवास. एकविसावा दिवस. सगळं जुळतं.

दारात मी तुला विचारलं होतं, "निघायचं असतं तर पाय धरून ठेवले होते का कुणी?" आणि तू म्हणालीस, "हो."

तेवढंच. 'हो'. मला तो उद्धटपणा वाटला. मी दार लावून घेतलं.

तेव्हाच का सांगितलं नाहीस? तोंड होतं की तुला. माझ्या अंगावर तो अर्ज फेकायचास. सगळ्यांच्या देखत.

व्हिसासाठी आज पुन्हा गेले होते. बडबड्याने खूण करायला पेन पुढे केला, तर म्हटलं, तूच कर.

ताई


२६ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझं उत्तर यायला अवकाश आहे. तोवर ज्यांच्यासमोर बोलले होते त्यांच्यासमोर जाऊन खरं सांगावं म्हणून काल दादाकडून सुरुवात केली. सांगायला गेले आणि ऐकून आले.

दादा टेबलाशी वाटाणे सोलत होता. वहिनी ओट्याशी. मी बसलेसुद्धा नाही. म्हटलं, "दादा, आईच्या वेळी भिंगरी का आली नाही ते मला कळलंय."

त्याने विचारलं नाही की का. अजून एक शेंग घेतली.

"तो विषय आता कशाला उकरायचा," एवढंच म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

ओट्याकडून वहिनीचा आवाज आला, "सांगा आता. अकरा वर्षं पोटात ठेवून पोट सुटलंय तुमचं."

"तू गप्प गं."

"मी गप्पच आहे. वन्सं आपणहून आल्यात."

मग त्याने सांगितलं, मान वर न करता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तू नाक्यावरच्या फोनवरून त्याला कळवलं होतंस. 'एकदा' लिहिलंय म्हणून सोडत नाहीत, असं. तो मला सांगायला निघाला होता. त्याआधी आईला सांगितलं, कारण आई सारखी दाराकडे बघत होती.

"आईला माहीत होतं?"

"सगळं. कुठल्या चौकटीत काय ते सुद्धा विचारून घेतलं तिने."

"आणि?"

"म्हणाली, थोरलीला सांगू नकोस. कळलं तर ती त्या टेबलावर परत बसायची नाही. तिचं तेवढंच आहे."

भिंगरी, हे वाक्य मी काल दुपारी चार वाजता पहिल्यांदा ऐकलं. माझ्या आईचं माझ्याबद्दलचं मत. तिचं तेवढंच आहे. मी टेबलाची कड धरली आणि वाटाण्याची वाटी कलंडली. ते वाटाणे खोलीभर झाले आणि आम्ही तिघं म्हातारी माणसं त्यांच्याकडे बघत राहिलो.

मी म्हटलं, "तुम्ही सगळ्यांनी मिळून माझी कीव केलीत."

"कीव कसली हो," वहिनी हात पुसत आली. "घाबरत होतो तुम्हाला. चुकलेल्या माणसाशी तुम्ही कशा बोलता ते या घरात कुणी पाहिलं नाही? तुम्ही स्वतः चुकलात तर कुणाशी काय बोलाल, कुणाला ठाऊक. कोण जाणार समोर?"

"म्हणून तिला दारातून घालवून दिलं ते बघत बसलात?"

यावर दादा पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला. "घालवलंस तू. आम्ही बघत बसलो. आमचं ते आमच्याकडे आहे, तुझं तू बघ."

तो असं कधी बोलला नव्हता! मला राग यायला हवा होता. नाही आला. मी खाली बसले आणि वाटाणे गोळा करू लागले. वहिनी म्हणाली, "राहू द्या, केरसुणीने काढते," तरी मी एकेक वेचत होते. दुसरं काय करायचं ते समजत नव्हतं.

त्या चौदांपैकी चार जण आता नाहीत. आणखी दोघांना आज फोन केले. मामींना ऐकू कमी येतं, तेव्हा 'चूक माझी होती' हे मला तीनदा ओरडून सांगावं लागलं. चौथ्या मजल्यावरच्यांनी गॅलरीतून विचारलं, काय झालं म्हणून. त्यांनाही सांगितलं.

ताई


९ मार्च

भिंगरी,

तुझं पत्र आज आलं. माझी १६ आणि १८ फेब्रुवारीची दोन्ही एकदम मिळाली म्हणतेस. २६ तारखेचं वाटेत असेल.

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं. मला वाटत होतं, तू लिहिशील की जाऊ दे ताई, झालं गेलं. तसं काही नाही. तू लिहिलंयस ते इथे परत उतरवते, कारण मला ते माझ्या अक्षरात बघायचंय:

"आईने सांगितलं होतं, ताईला कळू देऊ नका. दादाने मला तसं कळवलं. पण मी आईची आज्ञा पाळून गप्प बसले असं समजू नकोस, मी तेवढी गुणी नाही. मी रागाने गप्प बसले. म्हटलं, सगळ्या जगाच्या चुका लाल पेनाने काढणारी ही बाई, स्वतःची कधी काढते बघू. दोन वर्षं रोज वाट बघितली. टपालवाला आला की वाटायचं, सापडली ताईला. मग चादरींच्या ढिगात विसरायला झालं. आता एकदम सापडल्यावर मला काय वाटायला हवं ते सुचत नाहीये. बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं."

आणि पुढे:

"पहिल्या दिवशी वरच्या नाक्यावर गेले. दुसऱ्या दिवशी दक्षिणेच्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा वरच्या, म्हटलं माणूस बदलला असेल. तोच होता. त्याने मला ओळखलं आणि डोक्यावरची टोपी काढली. तेव्हा मी समजले की होणार नाही."

टोपी काढली. परक्या देशातल्या शिपायाने. आणि मी दार लावलं.

मला राग हवाच होता, भिंगरी. रागाला कसं उत्तर द्यायचं ते मला येतं असं वाटत होतं. पण हा अकरा वर्षं इस्त्री करून घडी घातलेला राग आहे, त्याच्यापुढे माझं काही चालत नाही. सकाळपासून मी या घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरतेय. दूध उतू गेलं. दोनदा.

शेवटी लिहिलंयस: "ये. पण माफी मागायला येऊ नकोस, ऑपरेशनच्या आधी मला रडायचं नाही. कामाला ये. दारात रडू नकोस, शेजारचा म्हातारा चौकस आहे, त्याला वाटेल मी मेले. येताना दोन सुती गाऊन आण, इथले टोचतात."

व्हिसा आला. दोनदा. गाऊन घेतले, एक निळा, एक तुझ्या आवडीचा भडक.

ताई


१९ मार्च, इस्पितळ

भिंगरी,

तुला आत नेऊन चाळीस मिनिटं झाली. परिचारिकेने खुणेने सांगितलं की दोन तास तरी लागतील. इथे भिंतीवर घड्याळ आहे आणि समोर मोकळी खुर्ची आहे. समोरासमोर जे बोलता येत नाही ते लिहून ठेवतेय. शुद्धीवर आलीस की वाच.

परवा मी नाका ओलांडला. मांडीवर माझी फाइल होती, अकरा कागद, क्रमवार लावलेले. शेजाऱ्याच्या शिपायाने पासपोर्टवर बाहेर पडल्याचा शिक्का मारला. पुढे पन्नास पावलांवर तुझ्या देशाचा माणूस उभा होता. त्याने बसकडे बघितलं आणि हात हलवून 'जा' म्हटलं. झालं. ना पासपोर्ट, ना पत्ता, ना विमा. मी फाइल उघडून धरली होती, ती तशीच राहिली. शेजारची बाई हसायला लागली. आत यायला कुणीच काही विचारत नाही, आणि बाहेर पडायला तू तीन दिवस विनवण्या केल्यास, हे मला तिथे बसमध्ये पहिल्यांदा खरोखर समजलं. कागदावर समजलं होतं ते वेगळं. बाहेर बर्फ होतं.

दारात तू कुबडीवर उभी होतीस. केवढी पिकलीस गं. मी ठरवून आले होते की रडायचं नाही, म्हणून म्हणाले, "केस रंगवत नाहीस वाटतं."

"आत ये आधी. इथे शिक्का लागत नाही," तू म्हणालीस.

दोन दिवस तू मला कामं सांगितलीस आणि मी ती केली. काल इथे दाखल करताना अर्ज आला, तर मी सवयीने हात पुढे केला. तू तो माझ्या हातातून ओढून घेतलास. "तू नको. मी भरते." भाषा न कळताही ती परिचारिका हसली. मलाही हसू आलं, नंतर संडासात जाऊन यावं लागलं. तुला सांगितलं, पाणी प्यायला गेले होते.

मग संध्याकाळी, मी निघायच्या वेळी, तू छताकडे बघत विचारलंस:

"आई काय म्हणायची गं माझ्याबद्दल? त्या सहा दिवसांत?"

मी म्हटलं, "झोप आता. उद्या सांगते."

तू म्हणालीस, "काही गाळू नकोस. बाकी सगळं मी सोडून देईन, ते मला पाहिजे. मला तेवढंच पाहिजे आहे तुझ्याकडून."

आज सकाळी तुला आत नेताना तू परत माझ्याकडे बघितलंस, आणि मी मान हलवली. हो, सांगते, अशी.

भिंगरी, माझ्याकडे काही नाही.

मी उशाशी होते हे खरं. सहाही दिवस. पहिल्या दिवशी आईने विचारलं, "धाकटी निघाली का?" मी म्हटलं, "येईल तेव्हा येईल." दुसऱ्या दिवशी विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "तिला कुठे पडलीय. हिंडतेय डोंगरात." आई माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पाणी दे." त्यानंतर तिने तुझं नाव माझ्यापाशी काढलं नाही. शेवटपर्यंत नाही. ती माझ्याशी औषधांबद्दल बोलली, चादर बदलण्याबद्दल बोलली. मला वाटलं, तीही तुझ्यावर रागावलीय. मला ते बरं वाटलं होतं. हे लिहायचं नव्हतं, पण तू म्हणालीस गाळू नकोस.

म्हणजे सहा दिवस मी तिच्यापाशी बसले आणि तुला द्यायला माझ्याकडे तिचा एक शब्द नाही. ती जे बोलली ते मी खोलीत नसताना बोलली.

म्हणून तुला आत नेल्याबरोबर इथल्या जिन्यात उभी राहून दादाला फोन केला. तिकडे जेवणाची वेळ. म्हटलं, "संध्याकाळी मी घरी जायची तेव्हा तू आईजवळ बसायचास. ती भिंगरीबद्दल काय म्हणाली ते सांग. आठवेल तेवढं सगळं."

तो म्हणाला, "आत्ता? ती कशी आहे?"

"आत आहे. तू सांग."

मागे वहिनी म्हणाली, "ते बसायचं सांगा की." मग तो बोलला. मी पाकिटाच्या मागे लिहून घेतलं, एकही शब्द बदललेला नाही.

तिला कळलं की तू नाक्यावर आहेस, त्या रात्रीपासून ती त्याला एकच विचारायची. "तिथे गारठा असेल ना रे? पोरीला बसायला काही आहे का तिथे?" दादा म्हणायचा, आहे आई, खोली आहे, शेगडी आहे, चहा देतात. तेवढ्यापुरतं तिला पटायचं. घटकाभराने पुन्हा विचारायची, "पण बसायला आहे ना?" शेवटच्या संध्याकाळीसुद्धा तेच विचारलं. दादा म्हणतो, त्याने दरवेळी 'आहे' म्हणून सांगितलं, आणि त्याला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

मलाही माहीत नाही. परवा तिथून आले, पण माझं लक्ष माझ्या फाइलीत होतं.

तू डोळे उघडलेस की आधी मला हे सांग. खुब्याचं नंतर, डॉक्टर काय म्हणाले ते नंतर. होतं का गं तिथे बसायला?

तुझी,
ताई